हरभऱ्यावर हरीण का येते?

दसरा सरला, परतीचा पाऊस गेला की काळ्या रानात हरभऱ्याच्या पोपटी ओळी दिसू लागतात. त्याच सुमारास नगर, सोलापूर, बीडकडच्या माळाकाठच्या गावांत एक तक्रार हटकून ऐकू येते : "हरणं उतरली!" भाद्रपदापर्यंत माळावर गुण्यागोविंदाने चरणारा कळप अचानक शिवारात येतो, आणि तोही ज्वारी सोडून नेमका हरभऱ्यात शिरतो. असे का होते? आपण काय करू शकतो? आणि काय मुळीच करू नये? शेतकरी बंधू-भगिनींनो, याचाच विचार या लेखात करू.

आधी माझीच एक चूक सांगतो. कर्जत तालुक्यातील एका गावात दोन एकर जिराईत असलेले एक जोडपे आहे. शेताच्या उत्तरेला गावाचे गायरान, त्यापलीकडे वनखात्याचा माळ. त्यांनी मला विचारले होते, "सायेब, माळाच्या कडेला हरबरा घेऊ का? हरणं येतील का?" मी म्हणालो, "बिनधास्त घ्या. हरभऱ्याच्या पानावर आंब असते. आंबट पाल्याला हरीण तोंड लावत नाही." मी बी.एस्सी. झालेलो, अंगावर सरकारी खात्याचा शिक्का, त्यांनी विश्वास ठेवला. दिवाळीनंतर गेलो, तेव्हा माळाकडचा अर्धा एकर वस्तऱ्याने भादरल्यासारखा दिसत होता. वहिनी बांधावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, आंब तुमच्या पुस्तकातल्या हरणाला लागत असंल. आमची हरणं लई गोडीनं खात्यात."

त्या एका वाक्याने मला पुन्हा शिकायला बसवले. पुढे जे लिहिले आहे, ते त्यानंतर वाचलेले आणि बांधावर बसून पाहिलेले आहे.

कोणते हरीण?

आपण बोलताना सगळ्यांनाच हरीण म्हणतो. पण जात ओळखली, तर उपाय नीट करता येतो. नगर-सोलापूरच्या उघड्या माळावर दिसते ते काळवीट. नर वरून काळसर, पीळदार शिंगांचा. मादी फिकट तपकिरी आणि बिनशिंगी. विदर्भात जंगलालगत येते ते ठिपक्यांचे चितळ. आणि घोड्याएवढा, करड्या रंगाचा असतो तो रोही, म्हणजे नीलगाय. काळवीट आणि रोही यांची शिंगे जन्मभर टिकतात. चितळाची दरवर्षी गळून नवी येतात. शास्त्राप्रमाणे फक्त चितळ-सांबर हे खरे हरीणकुळातले. काळवीट आणि रोही गाय-शेळीच्या कुळातले. मात्र सगळी रवंथ करणारी, आणि हरभऱ्याची आवड सगळ्यांना सारखीच.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले. त्याचे क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत आहे. एवढ्याशा जागेत कळप कोंडून राहणार नाही, हे उघड आहे. त्याला कुंपण ठाऊक नाही, सातबाराही ठाऊक नाही. त्याला चारा ठाऊक आहे.

माळ पिवळा पडतो तेव्हा

काळवीट मुख्यतः गवत खाणारे जनावर. आषाढ-श्रावणात माळावर मारवेल, पवन्या, कुसळी कोवळी असते. तेव्हा त्याला शिवारात यायची गरज नसते. भाद्रपदात गवत निसवते, आश्विनात बी धरते, कुसळे टोचू लागतात. कार्तिकात माळ पिवळा पडतो.

पिवळे गवत पोटाला भर देते, ताकद देत नाही. पावसाळ्यातील कोवळ्या गवतात सुक्या वजनाच्या शंभर भागांत आठ-दहा भाग प्रथिने असतात. वाळल्यावर ती तीन-चार भागांवर येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. चारा पचवण्याचे खरे काम तेच करतात. त्यांनाही खायला लागते. चाऱ्यातील प्रथिने साधारण सात भागांच्या खाली गेली, की ते जीव सुस्तावतात आणि खाल्लेले नीट पचत नाही. नुसता कडबा खाणारी गाय पोट भरूनही हडकते, ते याच कारणाने. आपण तिला पेंड देतो किंवा लसूणघास टाकतो. हरणाला पेंड कोण देणार? ते आपली पेंड शोधत हिंडते, आणि ती त्याला हरभऱ्यात सापडते.

हरभरा, लसूणघास, बरसीम ही सगळी शेंगवर्गीय पिके. त्यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतील जिवाणू हवेतील नत्र धरून झाडाला देतात. नत्रापासून प्रथिने तयार होतात. म्हणून हिरव्या बरसीम किंवा लसूणघासात सुक्या वजनाच्या शंभरास सतरा ते वीस भाग प्रथिने मिळतात. कोवळा हरभरा याच घराण्यातला. शेजारी वाळलेले गवत आणि त्याला लागून हा हिरवा मेवा, अशी मांडणी असली, तर हरणाने दुसरे काय करावे? त्यातून कळपातील कितीतरी माद्या गाभण किंवा पाजत्या असतात. काळविटांची वीण वर्षभर थोडीफार चालूच असते. पाजत्या मादीला प्रथिनांची ओढ सर्वांत जास्त.

मग ज्वारी का सोडते? काळविटाचा सारा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. चारी बाजूंना लांबवर दिसले पाहिजे, धोका दिसताच उधळता आले पाहिजे. कमरेएवढ्या पिकात त्याला धीर धरवत नाही. हरभरा वीतभर उंच, त्यात चरताना मान वर केली की सगळे शिवार दिसते. रोही आणि रानडुक्कर मात्र उंच पिकाचा आडोसा घेतात. हा फरक लक्षात ठेवावा.

अमेरिकेत उलटा प्रकार

गंमत अशी, की अमेरिकेत शिकारी लोक हरणांनी यावे म्हणून मुद्दाम शेत पेरतात. तिकडे पांढऱ्या शेपटीचे हरीण असते. जंगलाच्या कडेला एखादा तुकडा साफ करून त्यात क्लोव्हर पेरतात. हे आपल्या बरसीमचे सख्खे भावंड. तिकडच्या शरदात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरात, थंडी पडू लागली की क्लोव्हर पुन्हा फुटतो आणि हरणे त्यावर येतात. पण त्याच दिवसांत ओक वृक्षाची फळे गळू लागली, की तीच हरणे हिरवा क्लोव्हर सोडून झाडांखाली जातात. त्या फळांत पिठूळ आणि चरबीचा अंश भरपूर, हिवाळ्यासाठी अंगावर चरबी चढवायला तीच उपयोगी. फळे संपली की पुन्हा क्लोव्हर. माणसांची वर्दळ वाढली, तर दिवसा येणे बंद करून रात्री येतात.

यातून आपल्याला दोन गोष्टी शिकता येतात. एक, हरीण ऋतूप्रमाणे ताट बदलते. आपल्याकडचे काळवीटही उन्हाळ्यात बाभळीच्या आणि वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खाते. दुसरी, त्याची वेळ माणसाच्या वेळेवर ठरते. आपण संध्याकाळी सातला घरी जातो, हे त्याला चार दिवसांत कळते.

कोणी विचारेल, मग आपणही माळावर हरणांसाठी घासाचा वाफा केला तर? शेताला लागून असा वाफा कधीच करू नये. कळप तिथेच मुक्काम ठोकतो आणि वाफाही खातो, शेतही खातो. करायचेच तर शिवारापासून दूर, वनखात्याच्या संमतीने माळावरील गवत सुधारावे. गवत जाळू नये, गायरानाचा एक भाग आळीपाळीने बंद ठेवावा, मारवेलीसारखे चांगले गवत वाढू द्यावे. त्याने हरणे शिवारात यायची थांबणार नाहीत, पण त्यांची ओढ कमी होईल, आणि आपल्या जनावरांनाही चारा होईल.

खाल्ले कोणी, ते ओळखा

शेत खाल्लेले दिसले की आधी वाकून पाहावे. हरीणवर्गातील जनावराला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. त्यामुळे ते पाला कापत नाही, धरून ओढते. तुटलेला शेंडा फाटल्यासारखा, चिंध्या झाल्यासारखा दिसतो. सशाने खाल्लेला शेंडा चाकूने तिरपा कापल्यासारखा असतो. रानडुक्कर जमीन उकरते. काळविटाचा खूर शेळीसारखा पण जास्त टोकदार उमटतो. रोह्याचा खूर वासराएवढा असतो, आणि त्याच्या लेंड्यांचा ढीग बहुधा एकाच ठराविक जागी साचलेला सापडतो.

नुकसान केव्हा भरून निघते?

हरभऱ्याला कोंब फुटताना त्याची डाळ जमिनीतच राहते. म्हणून वरचा शेंडा गेला, तरी मुळाशी ओल असेल तर खालच्या डोळ्यांतून पुन्हा फूट येते. आपल्या घरातील बायका तरी काय करतात? महिन्याभराच्या हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडतात आणि त्याने झाड जास्त फुटवे धरते. म्हणून पहिल्या महिन्यात हरणाने वरवर शेंडे खाल्ले, तर शेत मोडायची घाई करू नये. आठ-दहा दिवस वाट पाहावी. शक्य असेल तर हलके पाणी द्यावे.

मात्र दोन प्रसंगी गय नाही. उगवण होताच, माती भुसभुशीत असताना रोप मुळासकट उपटले गेले, तर ते गेलेच. आणि ४०-५० दिवसांनी फूल लागल्यावर घाटे भरेपर्यंत खाल्ले, तर जिराईत रानात ते भरून निघत नाही. ओल संपलेली असते. सारा हंगाम जागणे कोणालाच झेपत नाही. म्हणून राखण या दोन काळांत नेटाने करावी : पेरणीनंतरचे पहिले तीन आठवडे, आणि फुलापासून घाटे भरेपर्यंत.

उपाय

१) पिकांची मांडणी बदलावी. माळाच्या कडेला हरभरा नको. तिथे ज्वारी घ्यावी, हरभरा आतल्या बाजूला, वस्तीजवळ घ्यावा. काळवीट उंच पिकातून आत यायला बिचकते. जिथे रोही किंवा डुकराचा उपद्रव जास्त, तिथे मात्र हा उपाय लागू पडत नाही.

२) करडईची कड लावावी. आपले वाडवडील ज्वारी-हरभऱ्याभोवती करडईचे तास घालत, ते उगाच नव्हे. पण करडई पहिला महिना-दीड महिना जमिनीलगत पसरलेली असते, तेव्हा तिचे काटे बोचत नाहीत. म्हणून कडेची करडई मुख्य पिकाच्या आधी, सप्टेंबरातील ओलीवरच पेरावी, आणि एका तासाऐवजी चार-पाच तास दाट घालावेत. बियाणे काटेरी वाणाचे आहे याची खात्री करावी. फलटणची नारी-६ ही करडई बिनकाटेरी आहे. पाकळ्या वेचायला ती उत्तम, राखणीला निरुपयोगी.

३) जुन्या साड्या, जाळ्या, बुजगावणे यांचा उपयोग होतो, पण थोडे दिवस. तीच साडी त्याच जागी आठवडाभर फडफडली, की हरीण तिला ओळखते. दर तीन-चार दिवसांनी जागा बदलावी. कुंपण घालताना खालची फट बुजवावी. काळवीट बहुधा उडी मारण्यापेक्षा खालून शिरते.

४) राखण सामाईक करावी. एकट्याने हाकलले की कळप शेजाऱ्याच्या रानात जातो, शेजाऱ्याने हाकलले की परत आपल्याकडे. आठ-दहा खातेदारांनी पाळ्या लावल्या, तर प्रत्येकाला आठवड्यातून एक रात्र येते. वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची विशेष सांभाळावी.

५) नुकसान मोजावे. अमेरिकेतील लोक आपल्या क्लोव्हरमध्ये जाळीचे छोटे पिंजरे ठेवतात आणि आत किती वाढले, बाहेर किती उरले हे पाहतात. हा उपाय आपण जरूर उचलावा. पेरणीनंतर लगेच शेतात तीन ठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेभोवती चार खुंट्या ठोकून कोंबड्यांची जाळी लावावी. काढणीला आतला आणि बाहेरचा तेवढ्याच जागेतील हरभरा वेगवेगळा मळून तोलावा. समजा आत १०० ग्रॅम आणि बाहेर ७० ग्रॅम भरला. एका चौरस मीटरला ३० ग्रॅमची तूट. एकरात सुमारे ४,००० चौरस मीटर, म्हणजे एकरी १२० किलो हरभरा गेला. "लई गेलं" म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगितला, तर ऐकणारा नीट ऐकतो. आणि कित्येकदा वाटले होते त्यापेक्षा नुकसान कमी निघते, तेही कळून मन शांत होते.

६) भरपाई मागावी. काळवीट, चितळ, रोही यांनी केलेल्या पीकनुकसानीला राज्य शासनाची भरपाई आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात कळवावे लागते. सातबारा उतारा, बँकेचे पासबुक आणि नुकसानीचे फोटो तयार ठेवावेत. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. अर्जाची पोच घ्यावी. ती आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

हे मात्र करू नका

आता त्या जोडप्याकडे परत येतो. मी गेलो त्या संध्याकाळी वहिनींच्या मालकांनी मोटारीच्या खोक्यातून तार ओढून बांधावर अंथरली होती. मला पाहून त्यांनी नजर चुकवली. मी काही न बोलता वहिनींना विचारले, "पहाटे पाणी धरायला कोण येतं?" त्या म्हणाल्या, "पोरगा येतो की. बारावीला हाय." मग मी फक्त त्या तारेकडे पाहिले. वहिनी उठल्या, जाऊन खटका बंद आहे ना ते बघून आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तार गुंडाळली.

शेतकरी बंधूंनो, घरच्या विजेची तार कुंपणाला लावू नका. ती हरीण आणि माणूस यांत फरक करत नाही. पहाटे पाणी धरणारा मुलगा, गवताला आलेली शेजारीण, दावे तोडून आलेला आपलाच बैल, कोणीही तिच्यावर पडू शकते. सौर कुंपण वेगळे असते. त्यात यंत्रातून क्षणभराचा हलका झटका थांबून थांबून येतो, जनावर दचकते पण मरत नाही. वनालगतच्या गावांना त्यासाठी शासनाची अनुदान योजना आहे. वन कार्यालयात चौकशी करावी. पण घरी जोडलेली तार म्हणजे सौर कुंपण नव्हे.

विष, फासे, कुत्री घालणे हेही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद व दंड आहे. दोन मण हरभऱ्यापायी घरचा कर्ता माणूस तुरुंगात गेला, तर संसाराचे काय होईल, याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट माता-भगिनींसाठी. खुरपताना किंवा गवत कापताना कधी कधी एकटे पाडस गुपचूप बसलेले दिसते. ते टाकलेले नसते. काळविटाची मादी पिलाला गवतात लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. दया येऊन त्याला घरी आणू नये, हातही लावू नये. आपण दूर झालो, की आई येते.

पुढच्या वर्षी

त्या जोडप्याने पुढच्या हंगामात माळाकडे ज्वारी घेतली, कडेला करडईचे पाच तास घातले आणि हरभरा विहिरीजवळ आणला. शेजारच्या सहा खातेदारांना घेऊन राखणीच्या पाळ्या लावल्या. हरणे आली नाहीत असे नाही. आली, कोपऱ्यातील काही ओळी खाऊन गेली. जाळीतील आणि बाहेरील हरभरा आम्ही मिळून तोलला. तूट होती, पण आदल्या वर्षीसारखा अर्धा एकर भादरलेला नव्हता. भरपाईचा अर्जही वेळेत गेला.

निघताना वहिनींनी घाट्यांची जुडी हातात दिली आणि म्हणाल्या, "सायेब, एवढं आमचं, तेवढं त्यांचं. पर वाटा ठरलेला बरा."

हरीण माळावर आपल्या आधीपासून आहे आणि ते राहणार आहे. आपलाही संसार याच मातीवर आहे. त्याला भूक केव्हा लागते, ते कोठून येते आणि काय खाते हे ओळखून आपण पेरणी केली, तर त्याचा वाटा लहान ठेवणे आपल्या हाती आहे. यंदा हरभरा पेरण्यापूर्वी एकदा माळाच्या कडेने फेरी मारा, गवताचा रंग पाहा, आणि मगच कोणते रान कोणत्या पिकाला द्यायचे ते ठरवा.